न शिकवलेला नमस्कार

डोंबिवलीत आमच्या दोन खोल्यांच्या घरात देव्हारा नव्हता. बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्या घरांत होता. शेजारच्या काकूंचा तर अर्धा ओटा देवांनीच अडवलेला. आमच्याकडे त्या जागेवर मिक्सर होता. गणपतीत मी घरोघरी मोदक खाऊन यायचे आणि आमच्याकडे कोणी आरतीला येत नाही याचं मला काही वाटायचं नाही. काहींकडे फ्रीज असतो, काहींकडे नसतो, तसंच हे.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. देव नाही म्हणून वाद घालत फिरणाऱ्यांतले ते नव्हते. कोणी प्रसाद दिला तर खायचे, आवडला तर पुन्हा मागायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि विषय निघाला की ते त्याच शब्दांत यायचं. "मूल जन्माला येतं तेव्हा त्याला भूक कळते, थंडी कळते, आईचा वास कळतो. देव कळत नाही. तो आपण शिकवतो. मी शिकवणार नाही. मोठी झालीस की तुझं तू बघ."

आईला मी एकदा विचारलं होतं, तुला चाललं कसं? ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं, देव कुठे ठेवायचे? हे म्हणाले, ठेवायचे असतील तर ठेव, माझी हरकत नाही. मी म्हटलं, बघू. ते बघू अजून चाललंय." मग म्हणाली, "खरं सांगू? सकाळचं एक काम कमी झालं."

मी मोठी झाले. माझं मी बघायचं राहूनच गेलं. कधी गरज पडली नाही.

लग्न होऊन मी ठाण्याला नौपाड्यात आले. सासरे आधीच गेले होते, घरात नवरा आणि सासूबाई. सासूबाई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. रोज सकाळी आंघोळ झाली की तासभर पूजा. उपास, पोथ्या, यात्रा यांचं त्यांना फार वेड नव्हतं, पण तो तास मोडलेला मी पाहिला नाही. नवरा बूट घालता घालता देव्हाऱ्याकडे बघून हात जोडायचा, निघताना गॅसचा खटका बंद आहे ना बघावं तसा.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काही नाही म्हणे."

"नाही."

"बरं. मग इथलंही तुझ्यावर नाही. फक्त नैवेद्य दाखवायच्या आधी आमटी चाखू नकोस. मीठ कमीजास्त झालं तर देव काही बोलत नाही."

एवढ्यावर आमचं ठरलं आणि ते कायम राहिलं. एकदा त्या वाती वळत बसल्या होत्या तेव्हा मी विचारलं, "आई, तुम्हाला खरंच वाटतं का, तिथे कोणी आहे?" त्यांना प्रश्नाचा राग आला नाही, नवल वाटलं. म्हणाल्या, "वाटतं म्हणजे काय? असतोच. तू बाहेरच्या खोलीत असलीस की मला इथे कळतं ना, दिसत नसलीस तरी? तसं."

मला तसं काही कळत नव्हतं. पण त्या खोटं बोलत नव्हत्या, हे कळत होतं.

मुलगी झाली. ती चालायला लागली त्या सुमारास आम्ही पाण्याचा प्युरिफायर बसवला. पाणी भरत असलं की त्याचा लाल दिवा लागायचा. एका रविवारी आईबाबा डोंबिवलीहून आले होते, सगळे स्वयंपाकघरात चहा घेत होतो. दिवा लागला. मुलगी खेळता खेळता थांबली, त्याच्याकडे बघत राहिली, मग दोन्ही हात जोडून पार कमरेतून वाकली.

बाबा हसले. "बघा. शिकवलं की शिकतात. देव्हाऱ्यासमोर रोज बघते, ते इथे करून दाखवलं."

सासूबाई म्हणाल्या, "मी तिला देव्हाऱ्याचं शिकवलं असेल. प्युरिफायरचं कोणी शिकवलं?"

"तिला फरक कळत नाही एवढंच."

"हात जोडावेसे वाटले हे तर कळलं."

नवरा म्हणाला, "अरे, फोटो काढायला हवा होता." तेवढ्यात दिवा विझला आणि मुलगी खेळायला निघून गेली. पुढे काही महिने ती लिफ्टला, वॉशिंग मशिनला, खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या माशांच्या टाकीला नमस्कार करायची. शाळेत गेल्यावर ते आपोआप थांबलं. बाबा आणि सासूबाई दोघांनाही आपलंच बरोबर निघालं असं वाटत राहिलं, आणि दोघं भेटले की त्यावरून थोडी चेष्टा व्हायची. ते दिवस चांगले होते. तेव्हा ते नुसते दिवस होते.

मुलगी सातवीत असताना नवरा गेला. त्याची कंपनी शीळफाट्याच्या पुढे होती. मी नौपाड्यातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला. "वहिनी, त्यांना जरा बरं वाटत नाहीये. इथल्या हॉस्पिटलमध्ये आणलंय. तुम्ही येता का?" मी गाडी बोलावली आणि निघाले. शीळफाट्याला कंटेनर अडकून सगळं ठप्प झालं होतं. ड्रायव्हरने विचारलं, एसी वाढवू का? मी हो म्हटलं. पुढच्या कंटेनरच्या दारावर एक मोठा नंबर होता. तो मी वाचत होते, मग उलटा वाचत होते.

अशा वेळी माणसं काय काय बोलतात हे मी नंतर ऐकलं. लॅबमधल्या एकीचा मुलगा आयसीयूत होता तेव्हा तिने आठवतील त्या सगळ्या देवांना नवस बोलले होते. माझ्या तोंडात कोणाचंच नाव आलं नाही. एखादं शोधावं असंही वाटलं नाही. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर फार तरुण होता आणि पुन्हा पुन्हा मला बसायला सांगत होता.

नंतरचे दिवस नातेवाईकांनी पार पाडले. बाबा प्रत्येक विधीला हजर होते. गुरुजी जे सांगतील ते सामान त्यांनी आणून दिलं, एका शब्दाने हरकत घेतली नाही. मी सांगतील तिथे बसत होते, उठत होते. कोणीतरी म्हणालं, रडली नाही अजून, रडू द्या तिला. मला रडायची मनाई नव्हती. रडू येत नव्हतं.

सुतकात घरातली पूजा बंद असते. तेराव्यानंतर ती पुन्हा सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर सासूबाई आंघोळ करून पेपर वाचत बसल्या होत्या. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला.

"आई, पूजा?"

"नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे. मी आता नाही करणार ती."

त्यांनी पान उलटलं. आम्हा दोघींत तेव्हा विचारायची ताकद नव्हती आणि सांगायचीही.

पण फुलपुडी यायची थांबली नाही. आमच्याकडे फुलवाला पहाटे दाराच्या कडीला पुडी अडकवून जातो, त्याची आमची गाठही पडत नाही. त्या दिवशीची पुडी मी फ्रीजवर ठेवली. दुसऱ्या दिवशीची तिच्या बाजूला. फुलवाल्याला बंद कर म्हणून सांगायचं तर का बंद, हे सांगावं लागणार, आणि तो हळहळणार. माझ्यात आणखी एका माणसाची हळहळ ऐकायची शक्ती नव्हती. पुड्या साठत गेल्या, पानं काळी पडली, स्वयंपाकघरात ओला, गोडसर वास यायला लागला. एका सकाळी मी पडदा सरकवला, पुडी सोडली आणि फुलं देवांवर ठेवून टाकली. एवढंच. कुठेतरी ठेवायची होती.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "गणपतीला तुळस वाहिलीस का?"

"पुडीत होती ती ठेवली."

"काढ. त्याला चालत नाही. तुळस बाळकृष्णाला. आणि आधीचं निर्माल्य उचल, त्यावरच काय ठेवतेस."

मी काढलं, उचललं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांना वासावरून कळलं की माझ्या वेंधळेपणाची खात्री होती, देव जाणे. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं, तर ताम्हन कुठल्या कपाटात आहे ते बाहेरून कळलं. मग गंध कसं उगाळायचं, निरांजनात तूप किती. रोज एकेक गोष्ट. त्या आत येत नसत आणि पेपर खाली ठेवत नसत. महिन्याभरात मला सगळी पूजा येऊ लागली. स्तोत्र मला एकही येत नव्हतं, त्यांनी शिकवलं नाही, मी विचारलं नाही. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, श्रद्धा बसली, देवाचाच आधार असतो शेवटी. मी मान हलवली. पूजेला उभी राहिले की तेवढा वेळ दुसरं काही करावं लागत नसे, याच्यापलीकडे मला त्यात काही मिळत नव्हतं.

माहेरी मी हे बोलले नव्हते. एका रविवारी बाबा एकटेच आले, नेहमीपेक्षा लवकर. मी सिंकपाशी चांदीचे टाक घासत होते. टाक म्हणजे देवांचे चेहरे उठवलेले छोटे पत्रे, सासूबाईंच्या घरात पिढ्यानपिढ्या आलेले. बाबा दारात उभे राहून बघत होते. आता काहीतरी बोलणार, असं वाटून मी नळ बंद केला.

ते म्हणाले, "टाक पावडरने घासू नकोस. झिजतात. नाकडोळे जातात त्यांचे."

"मग?"

"विभूती आहे? कोरडी घे. मऊ फडकं दे इकडे."

ते पाटावर बसले आणि एकेक टाक हातात घेऊन अंगठ्याने पुसायला लागले. हात सराईत होता. मी असा बघितला नव्हता कधी.

"तुम्हाला हे येतं?"

"गावच्या देवळाची पूजा आमच्या घरी होती ना. पुढच्या शाळेसाठी गाव सोडेपर्यंत मीच करायचो."

देवळाचं मला माहीत होतं. पूजा ते करायचे हे माहीत नव्हतं.

"तेव्हा मानायचात?"

"मानायचो का असं कोणी विचारलं नाही. विहिरीत पाणी असतं तसा देवळात देव."

"मग गेला कधी?"

"गेला असं नाही. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून पूजा अर्धी टाकून पळालो. दिवसभर वाट बघितली, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम अर्धी टाकली. मग कधीतरी लक्षात आलं, आपण वाट बघायचंही सोडलंय." त्यांनी टाक उजेडात धरून पाहिला. "वाईटसुद्धा वाटलं नाही. फक्त घरात कोणाशी मोकळं बोलता येईना. म्हणून तुला ते दिलंच नाही. आधी द्यायचं आणि मग ते असं जायचं, कशाला?"

मी पुढचा टाक त्यांच्याकडे सरकवला. मग त्यांनी विचारलं, "तुला काही वाटतं, हे करताना?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही हो बाबा."

"मग कर. वाटायला लागलं तर मला सांग."

"का?"

"जाताना बघितलंय मी. येताना कसं येतं, ते बघितलेलं नाही."

सासूबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आम्हाला कळलं नाही. त्या बाबांना म्हणाल्या, "तुम्हाला शोधायचंच असेल तर माझ्याकडून ऐका. मला कळायचा तो. बाहेरच्या खोलीत माणूस आहे हे जसं कळतं तसा. आता बाहेरच्या खोलीत कोणी नाही. मी रागावले म्हणून पूजा सोडली असं सगळ्यांना वाटतं. राग यायलासुद्धा समोर कोणी लागतं."

एरवी बाबांना आपण वाद जिंकलो असं वाटलं असतं. त्यांनी उठून सासूबाईंसाठी खुर्ची सरकवली आणि मी चहा टाकला. आम्ही तिघं त्या स्वयंपाकघरात बसलो होतो, चकचकीत पुसलेले देव मधे ताटात, आणि तिघांपैकी एकालाही त्यांचं काही वाटत नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली. पूजा चालू राहिली, लॅब चालू राहिली. मुलगी नववीत गेली, एकटी डोंबिवलीला जाऊन यायला लागली. दर रविवारी सकाळी आजी-आजोबांकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची. एका रविवारी अंधार पडला तरी ती आली नाही. फोन लावला तर बंद. डोंबिवलीला विचारलं तर आई म्हणाली, दुपारीच निघाली की इथून.

सासूबाई म्हणाल्या, "कळव्याला तिची ती मैत्रीण राहते, येताना उतरते तिच्याकडे कधीकधी. तिच्या आईला फोन लाव." लावला, तो कोणी उचलेना. मी चप्पल घालून खाली आले आणि रिक्षा केली. खाडीच्या पुलावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. रिक्षा थांबली, इंजिन बंद झालं, आणि माझ्या तोंडातून मोठ्याने निघालं, "देवा."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "काय ताई?"

"काही नाही."

मी तो शब्द पुन्हा मनात म्हणून पाहिला. त्याच्या पुढे काही आलं नाही, मागेही काही नव्हतं. रिक्षा सुरू झाली.

मैत्रिणीच्या आईने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून आधी पाणी दिलं. मी मुलीचं विचारताच म्हणाली, "अहो, देवळात असेल ती. रविवारी येते ना. माझी कन्या इकडे टीव्ही बघत बसते आणि तुमची तिकडे." गल्लीच्या टोकाला, दोन टॉवरच्या मधे, जुन्या गावातल्या लोकांचं छोटं देऊळ होतं. आत देवीची शेंदूर फासलेली मूर्ती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, दप्तर मांडीवर. मला बघून दचकली.

"फोन बंद पडला. वेळ कळलाच नाही. सॉरी आई."

मला ओरडायचं होतं, पण मी तिच्या बाजूला बसले. "इथे काय करतेस?"

"बसते."

"कोणी सांगितलं इथे यायला?"

"कोणीच नाही. एकदा पाऊस होता म्हणून थांबलेले. मग येतेच."

"बाबाची आठवण येते म्हणून येतेस का?"

"नाही." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाबा नाहीये. ते मला माहितीये. हे वेगळं आहे."

"काय आहे?"

"आई, ते तुला नाही सांगता येणार. म्हणजे, मला नाही सांगायचं."

माझ्या बाबांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी सांगितलेलं होतं ना, वाटायला लागलं तर सांग. मला नाही, पण घरात कोणाला तरी लागलं होतं. ते आले, नातीला समोर बसवलं आणि वर्गातल्या मुलीला विचारावं तसं विचारलं, अगदी हळू.

"आधी नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि आता आहे?"

"हो."

"कसं आलं, आठवतं?"

तिने विचार केला. "आलं असं नाही कळलं. एकदा बघितलं तर होतं."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी त्यांना खाली सोडायला गेले तेव्हा जिन्यात म्हणाले, "जन्मतः नव्हतंच, तेही तीच म्हणते. म्हणजे माझं चुकलं नाही. पण मग शिकवलं कोणी?"

"मी रोज तिच्यासमोर पूजा करते, बाबा."

"तुला काही वाटत नसताना."

"ते तिला कुठे माहितीये?"

पण तिला माहीत होतं. मला पूजेत काही वाटत नाही हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसलीच. "तू तर भांडी घासल्यासारखी पूजा करतेस. आजी पेपरमागून ऑर्डर सोडते. इथे कसं बसणार कोणी? म्हणून तर मी कळव्याला जाते."

सासूबाईंनी हे ऐकलं. रात्री जेवताना त्या मला म्हणाल्या, "मला आठवून बघायचंय कसं वाटायचं ते, तिलाही तसंच वाटतं का विचारावं म्हणून. पण आठवतच नाही. वाटायचं एवढं आठवतं, कसं ते नाही." मी त्यांना भात वाढला. पुलावर तोंडातून निघालेल्या शब्दाचं मी त्यांना सांगितलं नाही. बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, ती भाषा आहे गं, गुडघा दुखला की मीही म्हणतो. तसंही असेल. मी फारसा विचार करत नाही.

मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या रविवारी तिने आम्हा दोघींना कळव्याच्या देवळात सोबत चला म्हटलं. का, ते सांगितलं नाही, आणि आम्हाला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. सासूबाईंना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी पुजाऱ्याने प्लास्टिकची खुर्ची आणली. मी शेजारी फरशीवर बसले. मुलगी पुढे जाऊन बसली आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काही विशेष दिसत नव्हतं. तिथे एक बाई वाती लावत होती, बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. परीक्षेला मुलगी आत गेली की पालक शाळेबाहेर बसतात, तशा आम्ही दोघी बसून होतो. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. दोघींनाही विचारायचं होतं ते एकच होतं, आणि उत्तरही दोघींना माहीत होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. आम्हीही उठलो, चपला घातल्या, आणि रिक्षा मिळते का बघायला रस्त्यावर आलो.